सीईटीचा विकल्प अर्ज: 'मिळेल का?' या प्रश्नाचा हिशेब नाशिकच्या मुलांनी कसा मांडावा

अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या सीईटीचा निकाल लागला की क्लासच्या, सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "९४ पर्सेंटाइलला कंप्युटर मिळेल का?" उत्तरं लगेच येतात. कुणाच्या भाच्याला ९२ ला मिळालेलं असतं, तर कुणाच्या मुलीला ९५ असूनही मिळालेलं नसतं. दोघंही खरंच सांगत असतात. पण भाचा कोणत्या प्रवर्गातला होता, त्याची बारावी कुठे झाली, तो कितव्या फेरीत लागला आणि त्या वर्षी त्या शाखेला जागा किती होत्या, हे कुणी सांगत नाही. आणि शक्यता ठरते ती या चार गोष्टींवरच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. निकालानंतर मुलं आणि पालक विकल्प अर्जात भरायच्या कॉलेज-शाखांच्या पसंतीच्या याद्या घेऊन येतात. निफाडहून, चांदवडहून, सिडकोतून, नाशिकरोडहून. बहुतेकांची यादी आधी नावावरून भरलेली असते आणि त्यावर पर्सेंटाइल चिकटवलेलं असतं. आम्ही ती बाजूला ठेवतो आणि खाली लिहिलं आहे त्या क्रमाने नव्याने मांडतो. कागद, पेन्सिल, मागच्या तीन वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ आणि शांतपणे दोन संध्याकाळी, एवढं पुरतं.

आधी तुमचा रकाना नक्की करा

सीईटी कक्षाच्या कटऑफ पीडीएफमध्ये प्रत्येक शाखेखाली आडवे रकाने असतात आणि त्यांच्या डोक्यावर लांबलचक कोड. पहिल्यांदा बघणारा गांगरतो, पण कोड सोपा आहे. पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा: ओपन, ओबीसी, एससी, एसटी, व्हीजे, एनटी, एसईबीसी. शेवटचं अक्षर एच म्हणजे गृह विद्यापीठ (तुमची बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत झाली ते), ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्य पातळी. रकान्याच्या आत दोन आकडे असतात: वर राज्य गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. हे दोन्ही त्या फेरीत त्या रकान्यातून आत गेलेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे असतात. तो सरासरी आकडा नाही, कॉलेजने ठरवलेली अट तर मुळीच नाही.

आता शेवटच्या अक्षराकडे नीट बघा, कारण नाशिकच्या मुलांना इथे मोठा फायदा आहे आणि कित्येकांना तो ठाऊकच नसतो. नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर हे तिन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतात. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत राज्यातल्या मुलांसाठीच्या जागांपैकी ७० टक्के गृह विद्यापीठातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना जातात. म्हणजे नाशिकचा मुलगा पुण्याच्या पीआयसीटीत किंवा पीसीसीओईत अर्ज करतो तेव्हा तो तिथे घरचाच असतो आणि त्याने एचचा रकाना बघायचा असतो. तोच मुलगा मुंबई-ठाण्यात बाहेरचा ठरतो. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई सोयीची वाटली तरी तिथे त्याला ओचा रकाना लागू होतो. पुण्याचं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय यांच्या जागा राज्य पातळीवरच्या, तिथे एसचा रकाना. घरचा-बाहेरचा हा भेद तिथे नाही.

गृह विद्यापीठ ठरतं ते तुम्ही बारावी कुठून उत्तीर्ण झालात त्यावरून. घर कुठे आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. हे मी मुद्दाम ठळक सांगतो. मालेगावचा मुलगा बारावी धुळ्याच्या कॉलेजातून झाला असेल, तर त्याचं गृह विद्यापीठ जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. सटाण्याची मुलगी लातूरला शिकली आणि तिथूनच बारावी झाली, तर तिचं नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ. या दोघांना नाशिकच्या कॉलेजातसुद्धा ओचा रकाना बघावा लागतो. महाराष्ट्राबाहेरून बारावी केलेल्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांनी माहितीपुस्तिकेतला उमेदवारांच्या प्रकारांचा तक्ता वाचूनच पुढे जावं.

कागद हाताशी नसेल तर रकानाही तुमचा नाही

ओबीसी, एसईबीसी, भटके-विमुक्त यांना जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि मुदतीतलं नॉन क्रीमीलेअर लागतं. अनुसूचित जाती-जमातींना नॉन क्रीमीलेअर नको, वैधता हवीच. ईडब्ल्यूएससाठी चालू वर्षाचं प्रमाणपत्र. एखाद्या वर्षी अर्ज केल्याच्या पावतीवर तात्पुरती सवलत मिळते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ कागद आला नाही तर विद्यार्थी खुल्या गटात जातो आणि तुम्ही केलेला सगळा अंदाज एका दिवसात खोटा ठरतो.

म्हणून वैधता हातात नसेल तर हिशेब दोनदा मांडा, एकदा प्रवर्गाच्या रकान्यावर आणि एकदा खुल्या रकान्यावर. यादीत निदान चार-पाच पर्याय खुल्या रकान्यावरही मिळणारे ठेवा. पेठ, सुरगाणा, कळवण भागातल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट: अनुसूचित जमातीच्या दाखल्यांची पडताळणी आदिवासी विकास विभागाच्या समितीकडे होते, इतर प्रवर्गांची वेगळ्या समितीकडे. चुकीच्या कार्यालयात फाइल दिली तर आठवडे वाया जातात. हे काम अकरावीतच सुरू करायचं असतं.

पर्सेंटाइल विसरा, गुणवत्ता क्रमांक धरा

पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या इतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण किती टक्के मुलांना मिळाले. त्यात गर्दी किती होती हे दिसत नाही. २०२४ मध्ये पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा सुमारे ३ लाख मुलांनी दिली, २०२५ मध्ये ४ लाख २० हजारांच्या आसपास. ९५ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे ५ टक्के मुलं असतात. पहिल्या वर्षी ती झाली साधारण १५ हजार, दुसऱ्या वर्षी २१ हजार. पर्सेंटाइल तेच, पण दाराशी उभी असलेली रांग ६ हजारांनी वाढली. जागा त्याच प्रमाणात वाढल्या नाहीत तर कटऑफचं पर्सेंटाइल वर सरकणारच. "मागच्या वर्षी ९३ ला क्लोज झालं होतं" हे वाक्य म्हणूनच दगा देतं.

गुणवत्ता यादी लागेपर्यंत ढोबळ आकडा असा काढा: १०० मधून तुमचं पर्सेंटाइल वजा करा आणि परीक्षा दिलेल्यांच्या संख्येला तेवढ्या टक्क्यांनी गुणा. ९४.२ असेल तर ५.८ टक्के. ४ लाख २० हजारांचे ५.८ टक्के म्हणजे २४ हजारांच्या थोडं वर. तुमचा खरा राज्य गुणवत्ता क्रमांक यापेक्षा थोडा चांगला येऊ शकतो, कारण परीक्षा दिलेले सगळेच प्रवेशप्रक्रियेत नोंदणी करत नाहीत. तात्पुरती यादी लागली की ढोबळ आकडा खोडा आणि खरा लिहा. यापुढे सगळी तुलना क्रमांकाशी क्रमांकाची.

कोणतं कॉलेज मिळेल याचा अंदाज सांगणारे बाजारातले प्रेडिक्टर पाहायला हरकत नाही, पण त्यातले बरेचसे एकाच वर्षाच्या पर्सेंटाइलवर चालतात. तुमचा रकाना, फेरी आणि बदललेल्या जागा त्यांनी धरल्यात की नाही हे दिसत नसेल, तर त्या उत्तरावर यादी बेतू नका.

एक शाखा, तीन वर्षं, दोन फेऱ्या

आता प्रत्यक्ष मांडणी. एका उदाहरणाने दाखवतो. यातले आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणत्याही कॉलेजचे नाहीत.

समजा, पिंपळगाव बसवंतची मुलगी आहे. ओबीसी, सगळे कागद तयार, बारावी पिंपळगावातूनच. राज्य गुणवत्ता क्रमांक २०,५००. नाशिक किंवा पुण्यातल्या एखाद्या शाखेत ती किती रकान्यांतून आत जाऊ शकते? पालक सांगतात, एक. खरं तर चार: सर्वसाधारण ओपन, मुलींचा ओपन, सर्वसाधारण ओबीसी आणि मुलींचा ओबीसी. ओपनच्या जागा गुणवत्तेवर सगळ्यांना खुल्या असतात. तेव्हा चारही रकाने बघायचे आणि त्यातला जो सर्वांत लांबच्या क्रमांकापर्यंत गेला तो तिच्या कामाचा.

पहिलं कॉलेज, कंप्युटर. पहिल्या फेरीत तिच्या कामाचा रकाना तीन वर्षांत १६,२००, १९,८०० आणि १८,४०० वर थांबला. शेवटच्या फेरीत २१,९००, २३,४०० आणि २२,१०० वर. म्हणजे पहिल्या फेरीत एकाही वर्षी ती बसली नसती आणि शेवटच्या फेरीत तिन्ही वर्षी बसली असती. हे दोन्ही निष्कर्ष वेगवेगळे लिहायचे, एकात मिसळायचे नाहीत.

दुसरं कॉलेज, आयटी. पहिल्याच फेरीत २४,०००, २६,५०० आणि २५,२००. इथे ती केव्हाही बसते. तिसरं पुण्याचं, कंप्युटर. शेवटच्या फेरीतही ७,८००, ९,१०० आणि ८,३००. इथे कोणत्याच वर्षी शक्यता नव्हती.

याच पद्धतीने प्रत्येक पर्यायापुढे तीनपैकी एक शब्द लिहा. तुमचा क्रमांक तिन्ही वर्षांच्या सर्वांत कडक, म्हणजे सर्वांत लहान, आकड्याच्याही आत असेल तर खात्रीचा. सर्वांत कडक आणि सर्वांत सैल आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असेल तर जुळणारा. सर्वांत सैल, म्हणजे सर्वांत मोठ्या, आकड्याच्याही बाहेर असेल तर अवघड. पहिल्या फेरीसाठी एक शब्द आणि शेवटच्या फेरीसाठी एक. वरच्या मुलीसाठी पहिलं कॉलेज 'आधी अवघड, शेवटी खात्रीचा' असं होतं, पण मी त्याला खात्रीचा म्हणू देणार नाही. का, ते पुढे.

फेऱ्यांची तुलना करताना एक सांभाळा. पूर्वी तीन फेऱ्या असायच्या, २०२५-२६ पासून चार झाल्या आणि जागा पक्की होण्याचे नियमही बदलले. त्यामुळे जुन्या वर्षाची दुसरी फेरी आणि नव्या वर्षाची दुसरी फेरी ही एकच गोष्ट नाही. पहिलीची पहिलीशी आणि शेवटचीची शेवटचीशी तुलना करा, मधल्या फेऱ्या सोडून द्या.

रकान्यात जागा किती, हे मोजल्याशिवाय खात्री म्हणू नका

एखाद्या शाखेला ६० जागा आहेत असं ऐकलं की पालकांना वाटतं, साठ म्हणजे पुष्कळ. जरा मोजून बघू. खासगी विनाअनुदानित कॉलेजात २० टक्के संस्था पातळीवर जातात, म्हणजे कॉलेज त्या स्वतः भरतं, उरतात ४८. अखिल भारतीय कोटा असेल तर त्याही वजा होतील, तूर्त सोडू. त्यातल्या ७० टक्के गृह विद्यापीठाच्या, म्हणजे ३३ च्या आसपास. ओबीसीच्या १९ टक्के, म्हणजे ६. त्यातल्या मुलींच्या ३० टक्के, म्हणजे २. बाहेरच्यांच्या रकान्यात हाच हिशेब केला तर ओबीसी मुलींना एकच जागा येते.

एका जागेचा कटऑफ म्हणजे एका मुलीची निवड. गेल्या वर्षी एखादीने पुण्याला जायचं ठरवलं म्हणून आकडा ३० हजारांपर्यंत घसरला असेल, यंदा एखादी घरापासून जवळ म्हणून तिथेच राहिली तर १२ हजारांवर थांबेल. म्हणून माझा नियम आहे: रकान्यात तीन किंवा कमी जागा असतील तर शब्द एक पायरी खाली आणायचा. खात्रीचा असेल तर जुळणारा म्हणायचा, जुळणारा असेल तर अवघड. पिंपळगावच्या मुलीचं पहिलं कॉलेज म्हणूनच शेवटच्या फेरीतही 'जुळणारा'च राहतं. जिथे ती मुलींच्या राखीव जागेवर अवलंबून नाही, सर्वसाधारण ओबीसीतूनही बसते, तिथे असं करायची गरज नाही.

यंदाच्या जागा मागच्या वर्षीइतक्याच आहेत का, हेही बघावं लागतं. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली. तेव्हापासून बऱ्याच कॉलेजांनी कंप्युटर आणि त्याच्या आसपासच्या शाखांच्या तुकड्या वाढवल्या. ६० च्या १२० झाल्या तर जुना आकडा तुमच्यासाठी कडक आहे, प्रत्यक्षात रांग आणखी मागे जाईल. उलट एखादी शाखा कमी केली असेल तर जुना आकडा फसवा ठरतो. विकल्प अर्जाच्या आधी प्रत्येक कॉलेजच्या जागांचा तक्ता जाहीर होतो, तो उघडून तुमच्या पर्यायांपुढे यंदाची आणि गेल्या वर्षीची संख्या लिहा. शाखा नवीनच असेल, तीन वर्षांचे आकडेच नसतील, तर त्याच कॉलेजच्या आयटीचा आकडा धरा आणि शब्द एक पायरी खाली ठेवा.

आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणशुल्क माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा असतात. प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के, मूळ जागांहून वेगळ्या. त्यांचा कोड वेगळा असतो आणि विकल्प अर्जात तो स्वतंत्र भरावा लागतो. त्यांना प्रवर्ग नसतो आणि कटऑफ साधारणपणे त्याच शाखेच्या खुल्या रकान्याहून कडक असतो, तेव्हा बऱ्याच जणांसाठी तो 'अवघड'मध्येच जातो. तरी यादीत वर टाकायला काहीच हरकत नाही.

क्रम ठरवताना आकडे बाजूला ठेवा

आतापर्यंतचं सगळं यादी छोटी करण्यासाठी होतं. क्रम लावताना मात्र शक्यतेचा विचार करायचा नाही, आवडीचाच करायचा. इथेच सर्वांत जास्त नुकसान होताना मी बघतो.

संगणक असं काम करतो: गुणवत्ता क्रमांकानुसार एकेक विद्यार्थी घेतो आणि त्याच्या यादीत वरून खाली येत पहिली जी जागा शिल्लक असेल ती देतो. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्या पर्यायावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. अवघड कॉलेज वर टाकल्याने 'नंबर वाया जातो' हा समज साफ चुकीचा आहे. उलट खात्रीचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं तर ते पहिल्याच फेरीत मिळतं आणि जागा तिथेच पक्की होते. त्यापुढच्या फेऱ्या तुमच्यासाठी संपल्या.

पक्की होण्याचा नियम नीट समजून घ्या. २०२५-२६ मध्ये असं होतं: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही, आणि चौथ्या फेरीत जो मिळेल तो. त्याखालच्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो हातात धरून पुढच्या फेरीत वरच्यासाठी थांबता येतं. तुमच्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून हे आकडे आधी तपासा, कारण नियम बदलतात आणि यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

पुन्हा पिंपळगावकडे. मुलीला मनापासून हवंय ते पुण्याचं तिसरं, मग नाशिकचं पहिलं, मग दुसऱ्या कॉलेजचं आयटी. तिने हे तीनच याच क्रमाने भरले तर काय होईल? पहिल्या फेरीत आयटी मिळेल, तिसरा पर्याय म्हणून थांबता येईल. दुसऱ्या फेरीत पुन्हा आयटी आलं की ते पहिल्या तीनात आहे, म्हणून पक्कं. आणि तिचं पहिलं कॉलेज तर उघडतं चौथ्या फेरीत. तिथपर्यंत ती पोचणारच नाही.

यावर उपाय सरळ आहे. आयटीच्या वर आणखी चार-पाच असे पर्याय भरायचे जे तिला आयटीपेक्षा खरोखर जास्त आवडतात: पुण्यातली इतर कंप्युटर, नाशिकमधलं एखादं आणखी कंप्युटर, टीएफडब्ल्यूएसचे कोड. असे निदान सहा वर असले की आयटी सातव्यावर जातं आणि तिसऱ्या फेरीनंतरही ती जागा हातात ठेवून चौथीची वाट बघता येते. म्हणून अवघड पर्यायांना मी यादीतून उडवत नाही. मात्र सहाचा आकडा गाठायला नको असलेलं नाव वर भरू नका. वर लिहिलेलं काहीही मिळू शकतं, आणि मिळालं तर ते घ्यावंच लागेल. आणि आयटी व कंप्युटरमध्ये तिला फारसा फरक वाटत नसेल तर एवढं थांबायचीही गरज नाही. दुसऱ्या फेरीत पक्कं झालं तर चांगलंच की. किती थांबायचं हे त्या दोन पर्यायांतल्या अंतरावरून घरात बसून ठरवा.

नाशिकचं म्हणून थोडं

शहरात आणि जिल्ह्यात पर्याय भरपूर आहेत. पंचवटीत अमृतधामला के. के. वाघ, गंगापूर रोडला मविप्रचं केबीटी, कॉलेज रोडला गोखले सोसायटीचं सपट, आडगावला भुजबळ नॉलेज सिटी, त्र्यंबक रस्त्यावर महिरावणीला संदीप फाउंडेशन आणि अंजनेरीला सपकाळ, इंदिरानगरला गुरू गोबिंद सिंग, एकलहऱ्याला मातोश्री, चांदवडला एसएनजेबी. यादी पूर्ण नाही. नकाशावर तुमचं घर आणि ही ठिकाणं मांडा. नाशिकरोडहून महिरावणी किंवा ओझरहून सिन्नरकडे रोज चार वर्षं जायचं म्हणजे दिवसाचे कितीतरी तास. कटऑफमध्ये हे दिसत नाही. यादी अंतिम करण्याआधी एकदा कॉलेज भरण्याच्या वेळेला बसने जाऊन या.

शाखेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. केवळ गर्दी तिकडे आहे म्हणून तिसऱ्या पसंतीच्या कॉलेजातलं कंप्युटर घेण्यापेक्षा चांगल्या कॉलेजातलं मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल नाशिकच्या मुलाला उजवं ठरू शकतं. सातपूर, अंबड, सिन्नरच्या औद्योगिक वसाहती, ओझरचं एचएएल, महिंद्रा आणि बॉशसारखे कारखाने याच जिल्ह्यात आहेत. या शाखांचे कटऑफ कंप्युटरच्या मानाने बरेच सैल असतात, त्यामुळे ज्या कॉलेजचं कंप्युटर तुमच्यासाठी 'अवघड' आहे त्याचंच मेकॅनिकल 'खात्रीचं' निघू शकतं. पण मुलाला यंत्रांची आवड नसेल तर हा विषय तिथेच सोडा.

पैशाचा हिशेबही याच कागदावर. खासगी कॉलेजांचं शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ते त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतं. पुण्याला राहण्या-जेवणाचा खर्च कधीकधी शिक्षणशुल्काच्या बरोबरीने जातो. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण त्यासाठी प्रवेश कॅपच्या, म्हणजे सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या, फेरीतूनच झालेला हवा. संस्था पातळीवर घेतलेल्या जागेला ही सवलत मिळत नाही. बाहेरगावी राहणाऱ्यांनी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची आणि आदिवासी विद्यार्थ्यांनी स्वयंम् योजनेची चौकशी प्रवेशाआधीच करावी. एखादं कॉलेज परवडणारच नसेल तर ते यादीत ठेवू नका, कितीही चांगलं असलं तरी. मिळाल्यावर सोडायची वेळ आली तर मधल्या फेऱ्या हातच्या गेलेल्या असतात.

यादी किती लांब असावी

बहुतेक मुलांना पंचवीस ते चाळीस पर्याय पुरतात. त्यात साधारण पाव भाग अवघड, अर्धा जुळणारा आणि उरलेला खात्रीचा. खात्रीच्या गटात निदान पाच पर्याय असे हवेत जिथे मुलगा खरंच जाईल, आणि त्यातले दोन तरी असे की ज्यांच्या रकान्यात दहाच्या वर जागा आहेत. खात्रीचा म्हणून भरलं आणि मिळाल्यावर "तिथे नाही जायचं" म्हटलं, तर तो पर्याय यादीत नव्हताच असं समजा.

प्रत्येक फेरीनंतर विकल्प अर्ज पुन्हा भरायची संधी असते. पहिल्या फेरीचे कटऑफ लागले की ते तुमच्या तक्त्यात चौथी ओळ म्हणून लिहा. यंदाची पहिली फेरी मागच्या तीन वर्षांपेक्षा सगळीकडेच दोन-तीन हजारांनी कडक गेली असेल, तर शेवटच्या फेरीचे अंदाजही तेवढेच कडक धरा आणि खालच्या बाजूला आणखी दोन-तीन खात्रीचे पर्याय वाढवा. सैल गेली असेल तर मात्र काही बदलू नका. जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या) आणि खासगी विद्यापीठांच्या प्रवेशांमुळे मधल्या काळात जागा हलत राहतात, आणि एका फेरीच्या आनंदावर खालचे पर्याय काढून टाकण्यात काहीच मिळत नाही.

अर्ज भरताना लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवा. सायबर कॅफेत टायपिंगला बसलात तरी ओटीपी स्वतः टाका आणि पर्यायांचे कोड तुमच्या कागदाशी एकेक करून ताडून बघा, कारण एकाच कॉलेजच्या दोन शाखांच्या कोडमध्ये एका अंकाचाच फरक असू शकतो. नुसतं सेव्ह केलेला अर्ज धरला जात नाही, कन्फर्म करावा लागतो. कन्फर्म झालेल्या अर्जाची पीडीएफ उतरवून घ्या आणि घरी आल्यावर दुसऱ्या कुणाला तरी ती पुन्हा एकदा वाचायला द्या. चूक सापडली तर मुदत संपायच्या आत सुविधा केंद्रावर जाऊन काय करता येईल ते विचारता येतं.